दौत, टाक आणि ३२ पानं

८ जुलै २०२४ ला मुलांच्या एका पुस्तकाची संहिता चित्रं काढण्यासाठी माझ्या हातात आली. वयोगट ६ ते ९, साधारण ११०० शब्द. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक मुलगी आजोबांबरोबर ओहोटीला होडीतून जाते, एवढीच गोष्ट. प्रकाशकाच्या अटी तीन होत्या: आतली पानं फक्त काळ्या शाईत, चित्रं टाकाने काढलेली, पुस्तक ३२ पानांचं. छापलेली प्रत १७ जुलै २०२५ ला मिळाली. या वर्षभराचं टिपण इथे देते आहे, कारण टाक कसा धरायचा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण त्या रेघेचं छापखान्यात काय होतं हे सांगणारं सहसा कोणी भेटत नाही. सगळं काम छापलेल्या पानावरून उलट मोजत करायचं असतं, ही गोष्ट मला तिसऱ्या महिन्यात उमगली. ती पहिल्या दिवशी माहीत असायला हवी होती.

३२ हा आकडा फर्म्यावरून येतो. मोठ्या कागदाच्या एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला ८ पानं छापून घडी घातली की १६ पानांचा फर्मा होतो. दोन फर्मे म्हणजे ३२. त्यामुळे 'दोन पानं कमी करू' म्हणून काही बचत होत नाही. वाटणी अशी झाली: पान १ वर पुस्तकाचं नाव, पान २ वर श्रेयनामावली, पान ३ वर गोष्ट सुरू, ४ ते ३१ मध्ये समोरासमोरच्या १४ जोड्या आणि पान ३२ वर शेवट. या १४ जोड्यांपैकी ५ ठिकाणी दोन्ही पानांवर पसरलेलं एकच चित्र, बाकी ठिकाणी पानागणिक वेगळं. नावाच्या पानाचं छोटं चित्र धरून एकूण २६ कागद रंगवायचे होते.

पुस्तकाचा आकार कापल्यानंतर १८० बाय २४० मिलिमीटर. मूळ चित्र दीडपट काढायचं ठरवलं, म्हणजे २७० बाय ३६०. कडेला छपाईत कापली जाणारी ३ मिलिमीटरची पट्टी लागते, ती दीडपटीत साडेचार होते. सगळं धरून २७९ बाय ३६९. हे ए-३ कागदावर आणि, तितकंच महत्त्वाचं, ए-३ स्कॅनरच्या काचेवर बसतं. दुप्पट काढलं असतं तर बसलं नसतं. दीडपट काढल्याने हाताला मोकळीक मिळते आणि लहान करताना रेघेची बारीक थरथर झाकली जाते. मात्र रेघही त्याच प्रमाणात बारीक होते: मुळात ०.३ मिलिमीटर, तर छापील ०.२.

जुलैच्या शेवटी नमुन्याचं एक चित्र मागितलं होतं. ते तीनदा बिघडलं. जवळच्या दुकानातून २१० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आयव्हरी कागद आणला होता, दिसायला गुळगुळीत. पण टाकाची रेघ ओढली की दोन्ही कडांना केसासारखे तंतू फुटायचे. आधी दोष शाईला दिला, मग निबला. खरं कारण हवा होती. कागदाला वरून खळ दिलेली असते म्हणून शाई पृष्ठभागावर थांबते. ठाण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये कागद दमट होतो, खळ सैल पडते आणि तंतू शाई ओढून घेतात. उपाय दोन. एक, जाड आणि चांगली खळ दिलेला कागद घ्यायचा. मी ३०० जीएसएमचा हॉट-प्रेस, म्हणजे गरम दाबून गुळगुळीत केलेला, घेतला. ब्रिस्टल हा गुळगुळीत, कार्डासारखा कागदही चालतो. खरखरीत कोल्ड-प्रेस नको, त्यात निब अडकून शिंतोडे उडतात. दुसरा उपाय म्हणजे कागद आणल्याबरोबर प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद करायचा आणि कामाला लागेल तेवढाच बाहेर काढायचा. एकदम ३० ताव घेण्याआधी एक ताव आणून त्यावर दहा रेघा ओढा, वाळू द्या आणि भिंगातून कडा बघा.

निबांसाठी मुंबईला जावं लागलं. ठाण्यात बोरू आणि कॅलिग्राफीची सपाट टोकं मिळाली, चित्रासाठी लागणारी टोकदार लवचिक निब मिळाली नाही. शेवटी दोन प्रकारांवर काम झालं. निक्को जी जराशी ताठ असते, दाब दिला की रेघ जाड होते, सोडला की पुन्हा बारीक. माणसांच्या बाह्यरेषा सगळ्या हिच्या. हंट १०२ फार बारीक आणि नाजूक. तिवरांची मुळं, जाळ्याची वीण, आजोबांच्या हाताच्या सुरकुत्या हिच्या. १०२ ला पातळ दांडी लागते, नेहमीच्या टाकात ती बसत नाही. हे विकत घेताना विचारा.

नव्या निबवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो काढला नाही तर शाई थेंब होऊन मागे सरकते आणि माणूस निब खराब आहे असं समजून फेकून देतो. भांडी घासायच्या साबणाने बोटाने चोळून, धुऊन, कोरडी पुसली की पुरे. शाई कॅमलची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. अशा शाईत काजळी आणि लाखेसारखं बंधक असतं, म्हणून ती वाळल्यावर पाण्याने हलत नाही. म्हणूनच ती फाउंटन पेनमध्ये कधीही भरायची नाही, पेन कायमचं चोंदतं. टाक बुडवताना निबच्या मधल्या छिद्राच्या किंचित वरपर्यंतच बुडवायचा आणि दौतीच्या काठाला टेकवून जादा शाई सोडायची. पाचदहा मिनिटांनी ओल्या फडक्याने निब पुसायची. डोक्यावर पंखा असेल तर शाई निबवरच वाळते आणि रेघ मधून फाटून रेल्वेच्या रुळांसारख्या दोन रेघा उमटतात. टेबल पंख्याखालून हलवल्यावर हा त्रास निम्मा झाला. दौतीतली शाई घट्ट झाली तर डिस्टिल्ड वॉटरचे दोनतीन थेंब, नळाचं पाणी नको. निबवर वाळून बसलेली शाई काच पुसायच्या अमोनियावाल्या द्रावणात थोडा वेळ ठेवली की सुटते.

ऑगस्टमध्ये नमुना पसंत पडला. मग कच्चे आराखडे. ३२ही पानं एकाच कागदावर आगपेटीएवढी काढली, म्हणजे पुस्तकाची चाल एका नजरेत दिसते: कुठे लागोपाठ तीन पानं गर्दीची झाली आहेत, मुलगी कुठे सतत डावीकडेच तोंड करून आहे. मजकूर डावीकडून उजवीकडे वाचला जातो, म्हणून जाणारी होडी उजवीकडे तोंड करून आणि परतणारी डावीकडे. मजकुराची जागा याच टप्प्यावर राखून ठेवावी लागते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. १८ पॉइंटच्या अक्षराला आम्ही २७ पॉइंटची ओळ धरली. मी पहिल्या फेरीत जागा कमी सोडली होती, त्यामुळे ६ पानं पुन्हा करावी लागली. माझा सल्ला: मजकूर खऱ्या मापात छापून घ्या, कापा आणि आराखड्यावर ठेवून बघा.

पात्रांचा तक्ताही तेव्हाच केला. मुलगी समोरून, बाजूने, पाठीमागून, उंची डोक्याच्या पाचपट, भांग डावीकडे. आजीच्या लुगड्याला मी आधी चौकड्यांची वीण दिली होती. ती एका चित्रात सुंदर दिसली, पण आजी ११ पानांवर आहे आणि प्रत्येक घडीबरोबर चौकडी वळवत बसणं म्हणजे पानामागे दीड तास. शेवटी कोरं लुगडं आणि दोन रेघांचा काठ ठेवला. लहान मुलाची नजर आजीच्या चेहऱ्यावर जायला हवी, वीण तिला अडवते. वेळ वाचला हा त्यातला दुय्यम फायदा.

आराखडे १२ सप्टेंबरला पाठवले आणि उत्तर ४ ऑक्टोबरला आलं. या तीन आठवड्यांत शाईचं काम सुरू करायचा मोह होतो. करू नका. बदल आले ते ९ पानांवर.

करार नोव्हेंबरमध्ये झाला. पहिल्या मसुद्यात 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढंच वाक्य होतं. मी मागितलेले बदल: स्वामित्वहक्क चित्रकाराकडे, प्रकाशकाला मराठी छापील आवृत्तीचा परवाना, मुदत, प्रदेश आणि मोबदला स्पष्ट, मूळ चित्रं माझ्याकडेच, श्रेयनामावलीत आणि मुखपृष्ठावर नाव. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. परवान्यालाही हेच लागू आहे. हे कलम नम्रपणे दाखवल्यावर मसुदा बदलून मिळाला, वाद झाला नाही. आणखी एक ओळ घालून घ्या: आराखडे मंजूर झाल्यानंतरचे बदल दोन फेऱ्यांपर्यंत मोबदल्यात धरलेले, पुढचे वेगळे. स्टॅम्पपेपर ५०० रुपयांचा लागला, कारण महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० झालं. तो खर्च प्रकाशकाने केला.

मोबदला ६० हजार, तीन हप्त्यांत: सहीला १८ हजार, चित्रं पूर्ण झाल्यावर २४ हजार, छपाईनंतर १८ हजार. पहिल्या हप्त्यातून आयकर कायद्याच्या कलम १९४जे खाली १० टक्के कर कापून १६ हजार २०० जमा झाले. पॅन दिलं होतं, आणि कापलेली रक्कम २६एएस या आयकर खात्याच्या विवरणात दिसते का ते तिमाही संपल्यावर तपासलं.

शाईचं काम २ डिसेंबरला सुरू केलं आणि २३ फेब्रुवारीला संपवलं. ठाण्यात या कामाला हेच महिने चांगले. एका पानाला ६ ते ९ तास, दुपानी चित्राला १४-१६. आठवड्याला साधारण २० तास बसले.

पेन्सिलीचा आराखडा फिक्या निळ्या पेन्सिलीने उतरवला. काळ्या पेन्सिलीने काढलं तर शेवटी खोडावं लागतं, आणि खोडरबर शाईचा काळेपणा उडवून तिला करडी करतो. निळी रेघ खोडावी लागत नाही: रंगीत स्कॅन करून ब्लू चॅनेल (स्कॅनमधला फक्त निळ्या रंगाचा थर) घेतला की ती जवळजवळ पांढरी होते. कागदावर हाताखाली सुती फडकं ठेवायचं, घामाचा डाग पडला की त्या जागी शाई फुटते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने वरून डावीकडून सुरुवात करायची. टाक स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही. ढकलला की निबची दोन पाती कागदात रुततात. वळणदार रेघेसाठी मनगट न वाकवता कागदच फिरवायचा. लांब रेघ खांद्यातून, श्वास सोडताना.

सगळ्यात जास्त काळजी छायेच्या रेघोट्यांची घ्यायची. पुस्तक बिनचकाकीच्या मॅपलिथो कागदावर छापायचं होतं. असा कागद शाई शोषतो, रेघ दोन्ही बाजूंनी थोडी सुजते आणि मधली पांढरी फट बुजते. मूळ चित्रात रेघांमधलं अंतर ०.७५ मिलिमीटर ठेवलं तर छापील ०.५ उरतं, ते टिकतं. त्याहून दाट विणलेली जागा छापल्यावर करडा ठोकळा होते. एकावर एक थर द्यायचे तर काटकोनात नको, सुमारे ३० अंशांत. काटकोनाने जाळीसारखे चौकोन दिसतात आणि ते डोळ्याला टोचतात. तिसऱ्या थरानंतर थांबायचं. त्याहून काळं हवं असेल तर सरळ ब्रशने भरायचं. दर दोन पानांनी मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ६७ टक्क्यांवर प्रत काढत असे. दुकानदार सवयीने ७१ लावतात, कारण ए-३ चं ए-४ तसं होतं. ६७ सांगून खात्री करा. त्या प्रतीत जे बुजलं ते छापखान्यात नक्की बुजणार. पान ९ आणि १४ मी या चाचणीवरून नव्याने काढली.

भरीव काळ्यालाही जपून वापरावं लागतं. ८० जीएसएमच्या पानावर तळहाताएवढा काळा भाग पाठीमागे दिसतो आणि तिथला मजकूर मळकट होतो. प्रकाशकाला १०० जीएसएम कागदासाठी विनंती केली, ती मान्य झाली. तरीही आराखड्याचा कागद उलटसुलट धरून मोठा काळा भाग पाठच्या मजकुरावर येत नाही ना, हे बघून घेतलं.

आता खाडी. चिखल रंगवायचा नसतो, सोडायचा असतो. ओहोटीनंतरचा ओला चिखल आकाश परावर्तित करतो, म्हणून कागद पांढरा ठेवून आडव्या तुटक रेघा, जवळ जाड आणि लांब, दूर बारीक आणि आखूड. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी सरळ वर येतात. ती रांगेत काढली की कुंपण वाटतं. झाडाच्या बुंध्यापाशी दाट, दूर विरळ, उंची कमीजास्त हवी. निवटी या चिखलातल्या माशाचे डोळे डोक्याच्या अगदी माथ्यावर असतात, तेवढं जमलं की मुलं तिला लगेच ओळखतात.

रोहित पक्ष्यांचं दुपानी चित्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आराखडा छायाचित्रांवरून केला होता आणि तो ऑक्टोबरमध्ये मंजूरही झाला होता. जानेवारीत ऐरोलीच्या बाजूने खाडीत पक्षी प्रत्यक्ष बघितल्यावर चूक कळली. पायाच्या मध्यावर जो सांधा दिसतो तो गुडघा नाही, घोटा आहे, आणि तो मागे दुमडतो. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. मी ४० पैकी ७ पक्ष्यांचे पाय पुढे वाकवले होते. शाई लागण्याआधी दुरुस्त झालं. गुलाबी रंग नसताना दोन जाती वेगळ्या दाखवायच्या तर चोच वापरायची: मोठ्या रोहितची चोच फिकी आणि फक्त टोक काळं, धाकट्याची सगळीच गडद आणि उंचीही कमी. थव्यात प्रत्येक पीस काढू नये. पुढच्या पाच पक्ष्यांना पिसं, मागच्यांना बाह्यरेषा, त्यामागच्यांना फक्त मानांचे आकडे.

चुकांची दुरुस्ती: बारीक शिंतोडा धारदार पात्याने आडवा खरवडायचा, पण त्यावर पुन्हा रेघ ओढू नये, खळ गेलेली असते. मोठ्या चुकीवर पांढरा पोस्टर कलर घट्ट लावायचा, पूर्ण वाळल्यावर त्यावर बारीक रेघ निघते. चेहरा बिघडला तर तुकड्यावर वेगळा काढून स्कॅनमध्ये जोडायचा. मी दोन चेहरे असे जोडले आहेत.

मार्चमध्ये स्कॅनिंग. दुपानी चित्रं ए-२ कागदावर होती, ती दोन भागांत करावी लागली; मधे ४ सेंटिमीटर भाग दोन्हींत आला की जोडणं सोपं जातं. एकूण ३१ स्कॅन, प्रत्येकी ६० रुपये. पहिले १० घरी आणून उघडले तर ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) जेपीजी फाइली, कडा आपोआप तीव्र केलेल्या. ते ६०० रुपये आणि एक दिवस गेला. पुढच्या खेपेला कागदावर लिहून नेलं: ६०० डीपीआय, रंगीत, टिफ (तपशील न गाळणारा फाइलीचा प्रकार), कुठलीही स्वयंचलित सुधारणा बंद. ब्लू चॅनेल वेगळा केल्यावर एक फाइल ७० एमबीच्या आसपास होते, पेन ड्राइव्ह न्यावा. नंतर छापील मापाला लहान करून १२०० डीपीआयवर शुद्ध काळं-पांढरं केलं. काळं-पांढरं करतानाची सीमा, म्हणजे किती करड्याला काळं धरायचं ती, सगळ्या चित्रांना एकच लावू नये. ती ठरवताना चित्रातली सर्वांत बारीक रेघ आणि सर्वांत दाट छाया, दोन्ही शंभर टक्के आकारात बघायच्या: रेघ तुटली तर एका बाजूला सरकवायचं, फट बुजली तर दुसऱ्या. मुखपृष्ठ रंगीत होतं. रंगीत छपाईत प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते; तिथली रेघ फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर ठेवायला सांगितली. चार रंग मिळून झालेलं काळं प्लेट केसभर सरकली तरी रंगीत किनार दाखवतं.

दुसरा हप्ता २८ मार्चला आला, त्यातूनही १० टक्के कापले. तिसरा जुलैमध्ये पूर्ण मिळाला, कारण नव्या आर्थिक वर्षातली तेवढीच रक्कम होती आणि ती या कलमाच्या वार्षिक मर्यादेच्या आत होती; १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ३० हजारांवरून ५० हजार झाली होती. माझा खर्च: टाक आणि निबा २१००, शाई २६०, कागद ३४००, पेन्सिली-खोडरबर-ट्रेसिंग ६४०, झेरॉक्स ३८०, स्कॅन २४६०. एकूण ९ हजार २४०. पावत्या ठेवल्या आहेत.

प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, २२ एप्रिलला आलं. संगणकावरच्या छापाचं प्रूफ छापखान्यातल्या ऑफसेट छपाईपेक्षा नेहमीच स्वच्छ दिसतं, त्यामुळे छायांबद्दल त्यावर भरवसा ठेवू नये. प्रूफात मी तपासलं ते हे: चित्र आणि मजकुराचा क्रम, श्रेयनामावलीतलं नाव, मधल्या घडीपासून चेहरे १० मिलिमीटर दूर आहेत का, आणि कडेपासून ८ मिलिमीटरच्या आत महत्त्वाचं काही नाही ना. पिना मारलेल्या पुस्तकात आतली पानं बाहेर सरकतात आणि जास्त कापली जातात. पान १६-१७ वर होडीचं टोक कडेच्या फार जवळ होतं, ते ५ मिलिमीटर आत घेतलं.

पुस्तक हातात आल्यावर पहिल्यांदा रोहितांचंच पान उघडलं. फटी टिकल्या आहेत. पान २२ वरच्या संध्याकाळच्या आकाशात मात्र तिसरा थर बुजला आहे. तिथली झेरॉक्स चाचणी मी घाईत टाळली होती.

स्वामित्वहक्काची नोंदणी सक्तीची नाही. तरी मुखपृष्ठाच्या चित्रासाठी ऑगस्टमध्ये ऑनलाइन अर्ज केला: फॉर्म १४, एका कलाकृतीला ५०० रुपये. डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, मग तपासणी. प्रत्येक चित्राचा वेगळा अर्ज आणि वेगळं शुल्क पडतं, म्हणून बाकीच्या चित्रांची तारखेसह स्कॅन आणि करार एवढंच जपून ठेवलं आहे.

मूळ २६ चित्रं बटर पेपरमध्ये घालून सपाट खोक्यात, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटाच्या वरच्या खणात आहेत. खोक्यात सिलिका जेलच्या चार पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की त्या कोरड्या करून परत ठेवायच्या. या पावसाळ्यात दर १२-१५ दिवसांनी तसं करावं लागलं.